वरचा जोर

ज्योती सोनगीरच्या फाट्यावर एसटीतून उतरली आणि महामार्गाच्या कडेने भर उन्हात चालत शेडपर्यंत आली, तेव्हा आत रोलरवर एक टँकर चढवलेला होता. इंजिन पूर्ण रेटलेलं होतं, पत्रे थरथरत होते आणि टर्बोची शिटी कानात घुसत होती. ती कानांवर पदर दाबून दाराशीच थांबली. आवाज उतरत उतरत विझला, तेव्हा तिने आत डोकावून विचारलं, "गाड्यायची ताकद मोजणाऱ्या बाई कोण?"

"मीच. बोला," चेलना म्हणाली.

धुळ्याला आग्रा रोडवर मिश्रीलाल यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं जुनं दुकान होतं. चेलना त्यांची सून. जळगावला मेकॅनिकलचं शिकलेली. तिच्या नवऱ्याचं नाव तरुण. तो काही वर्षांपूर्वी कुठूनतरी जुने रोलर घेऊन आला आणि त्याने शहराबाहेर ही शेड उभी केली. पण यंत्रासमोर बसायची ती चेलनाच. ट्रकची मागची चाकं रोलरवर घ्यायची, गाडी पट्ट्यांनी जमिनीला करकचून बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकांपर्यंत किती हॉर्सपॉवर पोचतेय त्याची रेघ पडद्यावर चढत जाते. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून आतली फाईल बदलायची, म्हणजे टर्बोने हवा किती दाबावी, डिझेल किती सुटावं याचे आकडे बदलायचे आणि पुन्हा मोजायचं. खानदेशातले केळीवाले, कापूसवाले, वाळूवाले, सगळे आता तिला ओळखत होते.

"फैजपूरची केयीची गाडी," ज्योती म्हणाली. "निळी. कपाळावर 'मयुरी' लिहेल आहे. तुमीच केली होती ना ती?"

चेलनाला लगेच आठवलं. वनाची गाडी. दिवाळीनंतर आला होता तो. चाळिशीच्या आतला, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. कंपनीच्या फाईलवर चाकांपाशी दीडशे हॉर्सपॉवर मिळत होती. चेलनाने ती एकशे पंच्याऐंशीवर नेली. नवी रेघ जुन्या रेघेच्या वर चढून गेली तेव्हा वनाने पडद्याला बोट लावून दोन्ही रेघांमधली मोकळी जागा चाचपली होती.

"हे बठ्ठं आधी कुठी होतं, ताई?" त्याने विचारलं होतं.

"इंजिनातच होतं. कंपनीने बांधून ठेवलेलं होतं."

त्यावर त्याने बोट पुन्हा त्याच जागेवरून फिरवलं होतं.

चेलनाने ज्योतीला पंख्यासमोर बसवलं, पाणी दिलं. ज्योतीने ते एका दमात संपवलं आणि एकदम म्हणाली, "ती ताकद काढून घ्या ताई. बेस्तरवारी ते तुमच्याकडं येऊ राह्यले. गुपचूप काढून घ्या. त्यायले सांगू नका."

"काढून घ्या म्हणजे?"

"पह्यल्यासारखी करीसन द्या."

चेलनाला हसू आलं, पण ज्योतीचा चेहरा पाहून ते तिने आवरलं.

"झालंय काय?"

ज्योती, वनाची बायको, सांगू लागली. पूर्वी वना दिल्लीला माल उतरवून यायचा तेव्हा दोन दिवस झोपून असायचा, मग लेकीला, मयुरीला, घेऊन शेतात जायचा. आता आला की अंघोळ करून पुन्हा गाडीखाली. ज्याची गाडी आधी पोचते त्याला व्यापारी पुढचा माल आधी देतात, हे खरं. पण आता मालाचंही कारण उरलं नव्हतं. रिकामी गाडी घेऊनही तो कुणाला पुढे राहू देत नव्हता. झोपेत त्याचा उजवा पाय दाबला जायचा, पायाशी गोधडीचा गोळा व्हायचा. मागच्या महिन्यात यावलहून येताना ती आणि मयुरी केबिनमध्ये होत्या. समोरून बस दिसत असताना त्याने गाडी बाहेर काढली.

"मी डोये मिटून घेतले. उघडले तर बस मागं गेली होती आन हे हसू राह्यले होते. मले म्हणे, भ्याली का? पाय ठेवला का जाते ती." ज्योतीने ग्लास खाली ठेवला. "मयुरीनं त्या दिवसापासून गाडीत पाय ठेवला नाही."

"तुम्ही बोलून पाहिलं?"

"बोलली. सासूबाईयनं सांगितलं. ते ऐकतात, हो म्हणतात."

चेलना म्हणाली, "हे बघा, गाडी त्यांची. त्यांना न विचारता मी हात लावू शकत नाही. मी समजावेन त्यांना."

"तुमीच देली ना? मंग तुमीच काढा." ज्योती उठली. ती रागावलेली नव्हती. पिशवी सावरत तिने दारातून बाहेर पाहिलं, महामार्गावरून गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. "मी इथी आल्ती, हे त्यायले कळू नका देऊ," एवढं म्हणून तिने आपला फोन नंबर लिहून दिला आणि ती निघून गेली.

*

गुरुवारी वना आला तो गुजरातेतून परतीचा माल धुळ्याला उतरवून. गाडी रिकामी होती. चेलनाच्या हाताखाली काम करणाऱ्या मगनने गाडी रोलरवर चढवली, पट्टे आवळले. वनाची दाढी वाढली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण नजर तरतरीत होती, तापातल्या माणसासारखी.

चेलनाने मोजलं. एकशे त्र्याऐंशी. ताकद जवळपास तशीच होती, पण धुराड्यातल्या वायूचं तापमान मागच्या वेळेपेक्षा वर चढत होतं. तिने टर्बोचा पाइप काढायला लावला. आत तेलाचा ओशट थर होता. टर्बोच्या आतल्या चाकाच्या दांड्याला हाताने हलवून पाहिलं तर बारीकशी ढिलाई लागली.

"वनाभाऊ, ही गाडी फार ताणली जातेय."

"आजून किती आहे आत?" वनाने विचारलं.

"काय?"

"ताकद. तुमी म्हणाल्या होत्या ना, बांधीसन ठेयेल असते. आजून किती बांधेल आहे?"

"आता काही नाही. जेवढी सुरक्षित होती तेवढी मी सोडली. याच्या वर गेलो की इंजिन वितळायला लागेल."

वना समजूतदारपणे मान हलवत राहिला. ज्योतीने सांगितलं होतं तसंच. मग म्हणाला, "इंदूरकडं एक माणूस आहे. तो सोडतो म्हणे आजून. पुढच्या खेपेले त्याच्याकडं जाऊन पाह्यतो. तुमचं आपलं घरचं, म्हणून पह्यले तुमाले विचारलं."

"जाऊ नका तिकडे."

"मंग तुमी द्या."

चेलना काढलेला पाइप पुन्हा बसवू लागली. वना म्हणाला, "पाहा तुमी," आणि निंबाखालच्या खाटेवर जाऊन आडवा झाला. पडल्या पडल्या त्याला झोप लागली.

ती लॅपटॉपसमोर बसली. तरुण दुकानात होता, मगन जेवायला बसला होता. नाही म्हटलं तर हा इंदूरला जाणार. तिथे कोण काय करेल कुणी सांगावं. हो म्हटलं तर आपल्याच हाताने. आणि ती बाई उन्हातून चालत आली होती.

तिने कंपनीची जुनी फाईल उघडली. पण ती जशीच्या तशी टाकली असती तर शेडच्या बाहेर पडताच त्याच्या पायाला कळलं असतं. म्हणून तिने खालचा जोर तसाच ठेवला. गाडी उचलताना, गिअर बदलताना, रिकामी पळवताना काही फरक पडणार नव्हता. फक्त वरचा जोर तिने काढून घेतला. पूर्ण भार आणि पूर्ण पाय एकत्र आले की टर्बो जिथे हवा कोंबायला लागतो, तिथे तिने दीडशेच्या खालीच कुलूप घातलं. काम सफाईदार झालं होतं. एवढी सफाई साधल्याचं तिला थोडं बरंही वाटलं.

वना उठून आला तेव्हा ती म्हणाली, "टर्बोची काळजी घेऊन जुळवलंय नवीन. वापरून बघा. आणि इंदूरला जायची घाई करू नका."

"वाढलं का?"

"वापरून बघा," ती पुन्हा म्हणाली.

त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. शेडच्या बाहेर गाडी काढून त्याने एकदा जोरात पाय दिला, रिकामी गाडी उसळून पुढे गेली. त्याने खिडकीतून हात हलवला आणि गाडी शिरपूरच्या दिशेने नेली.

*

शनिवारी चोपड्याला मुस्कानचा साखरपुडा होता. मुस्कान म्हणजे चेलनाच्या सासूच्या, सज्जनबाईंच्या भावाची नात. तरुणला दुकान सोडवेना, म्हणून गाडी चेलनाने काढली. शेजारी सज्जनबाई, मागे तरुणच्या दोन आत्या, डिकीत मिठाईचे खोके आणि कपड्यांच्या बॅगा. एरवी या गाडीत चेलना एकटीच असायची.

अमळनेर सोडलं की रस्ता अरुंद. पुढे चाऱ्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती, रस्त्याच्या निम्म्याहून अधिक जागा अडवून चाललेली. समोर मोकळं दिसलं तशी चेलनाने गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. नेहमीच्या अंदाजाने दाबला. गाडी गेलीच नाही. म्हणजे गेली, पण जडावल्यासारखी. ट्रॉलीची मागची चाकं, मधला जोडणीचा आकडा, मग पुढची चाकं, सगळं सावकाश बाजूने सरकत होतं आणि समोरच्या वळणावरून एसटी आली होती. मागून आत्या ओरडल्या. चेलनाने कचकन ब्रेक मारला आणि पुन्हा ट्रॉलीच्या मागे शिरली. एसटी भोंगा वाजवत निघून गेली, तिच्या वाऱ्याने काच हादरली.

"सांभाळून, बेटा," सज्जनबाई म्हणाल्या.

"गाडी भरलेली आहे ना. लक्षातच राहिलं नाही," चेलना म्हणाली.

आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच तिला वना आठवला. तिने गाडी कडेला घेतली.

वनाची गाडी गुरुवारी रिकामी होती. घरापर्यंत रिकामीच गेली असणार. केळी भरली की पहिल्यांदा तिला वरचा जोर लागणार. आणि तो कधी लागणार? कुणाच्या तरी पुढे जाताना. अर्ध्यात असताना. समोरून कुणी येत असताना. पाय ठेवला की जाते, असं त्याच्या पायाला ठाऊक होतं, आणि तिने त्या पायाला काही सांगितलं नव्हतं. उलट लपवलं होतं, कळू नये म्हणून मेहनत घेऊन लपवलं होतं.

तिने वनाला फोन लावला. बेल वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मग ज्योतीला लावला.

"ताई? ते तर आताच निघाले. केयी भरून. चोपड्यावरून जातीन नेहमीसारखे."

"ज्योतीताई, मी ते केलं. गुरुवारी. वरची ताकद काढली."

पलीकडून सुटकेचा श्वास आला. "लई बरं केलं ताई. देव तुमाले..."

"नाही, ऐका. त्यांना माहीत नाही. ते जोर आहे असं समजून गाडी बाहेर काढतील. समजतंय का? गाडी जाणार नाही. मधेच अडकतील."

ज्योतीने अगदी लहान आवाजात विचारलं, "मंग आता?"

"तुम्ही फोन लावत राहा. मी त्यांना रस्त्यात गाठते."

"गाडीवर असले म्हणजे ते फोन नाही उचलत, ताई."

चोपड्यात चेलनाने आत्यांना साखरपुड्याच्या दारात उतरवलं, सगळं सामान काढून ठेवलं. सज्जनबाई उतरल्या नाहीत. "चल, कुठे जायचंय ते," म्हणाल्या.

यावलच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "काय झालंय?" चेलनाने सांगितलं. सज्जनबाई पुढे पाहत राहिल्या. "त्याला सांगायचं होतंस," एवढंच म्हणाल्या आणि मांडीवर हात जोडून पुटपुटत नवकार मंत्र म्हणू लागल्या.

दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. दुपारच्या उन्हात पानं खाली मिटलेली. समोरून ट्रक येत होते, एक गेला की दुसरा. प्रत्येकाच्या कपाळावरची अक्षरं चेलना लांबून वाचायला बघायची. कुणाच्या मुलांची नावं, कुणाचे देव. निळा रंग दिसला की तिचे हात घट्ट व्हायचे, मग जवळ आल्यावर भलतंच नाव निघायचं. अडावद गेलं. अडावदच्या पुढे ट्रक येणं थांबलं. मोटारसायकली नाहीत, एसटी नाही, काहीच नाही. पूर्ण रस्ता मोकळा, लांबपर्यंत.

"पुढे काहीतरी अडलंय," सज्जनबाई म्हणाल्या. चेलनालाही तेच कळलं होतं. तिने वेग वाढवला नाही. तिला पोचायचंच नव्हतं असं तिला वाटलं.

धानोऱ्याच्या अलीकडे माणसं जमली होती. निळा ट्रक रस्त्यावर तिरका उभा होता, एक चाक साइडपट्टीवरून उतरलेलं, ताडपत्रीखाली केळीचे घड तसेच रचलेले. रस्त्याकडेच्या चारीत एक मोटारसायकल पडली होती, तिचं पुढचं चाक चेपलं होतं. डांबरावर एक चप्पल होती. रक्त दिसत नव्हतं. चेलनाने रक्तच आधी शोधलं.

वना ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. तिला पाहून अर्धवट उठला, पुन्हा बसला.

"ताई? तुमी इथी कशा? बरं झालं आल्या. पाहा ना, काय झालं गाडीले."

"कुणाला लागलं?"

"अडावदचा माणूस होता. मी समोर दिसलो तसा त्यानं गाडी चारीत घातली. खांद्याचं हाड मोडलं म्हणतात. टेम्पोत घालून नेला दवाखान्यात. बोलू राह्यला होता." वनाने कोरडे ओठ चाटले. "ट्रॅक्टरच्या पुढं जाऊ राह्यलो होतो. पाय दाबला. गाडी गेलीच नाही, ताई. दाबला तरी गेली नाही. टर्बो गेला काय?"

भोवती माणसं होती. त्यांनी ऐकावं का नाही याचा विचार करायला चेलनाकडे वेळ नव्हता.

"गाडीला काही झालेलं नाही, वनाभाऊ. मी केलंय. गुरुवारी मी वरचा जोर काढून घेतला. तुम्हाला सांगितलं नाही."

त्याला कळायला वेळ लागला. तिने पुन्हा सांगितलं. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग रस्त्यावरच्या चपलेकडे पाहिलं.

"वाढवलं म्हणाल्या ना तुमी?"

"म्हटलं नाही. पण तसं वाटू दिलं."

"काहून?"

"इंजिन तापत होतं. तुम्ही इंदूरला जाल म्हणून."

"तुमाले कोणी सांगितलं होतं असं कराले?"

"कुणी नाही. माझ्याच मनाने."

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने उचलला. ज्योतीचा आवाज इतका मोठा होता की चेलनाला शब्द न् शब्द ऐकू आला. "अहो, बरे आहात ना? चेलनाताई भेटल्या का तुमाले?"

वनाने फोन कानापासून बाजूला घेतला. चेलनाकडे पाहिलं. त्याचा चेहरा जागच्या जागी आवळत गेला. उत्तर न देता त्याने फोन बंद केला आणि सावकाश खिशात ठेवला.

*

त्या माणसाच्या दवाखान्याचं तरुणने पाहिलं. काही दिवस तो चेलनाच्या मागे येऊन पडद्याकडे पाहत उभा राहायचा. वनाने पोलिसांना सांगितलं की चूक त्याची होती. कुणाचंही नाव घेतलं नाही. चेलनाने जाऊन सांगितलं तर ज्या पोलिसाने ऐकलं त्याला फाईल म्हणजे काय तेच कळेना.

वैशाख अर्धा सरला होता तेव्हा तो निळा ट्रक पुन्हा शेडच्या दारात उभा राहिला. केळीने भरलेला, उत्तरेला निघालेला. घरून शिरपूरला लागून सरळ वर जायचं सोडून तो इतका लांब मागे आला होता. वना उतरला. त्याच्या बाजूच्या सीटवर ज्योती बसलेली होती, समोर पाहत.

"मोजून द्या," वना म्हणाला. "दुसरं काही करू नका. लॅपटॉप लावू नका. फक्त मोजून द्या आन जे दिसंन ते खरं सांगा."

"इंदूरला जाऊन आलात?"

तो रोलरकडे चालू लागला.

"भरलेली गाडी मी रोलरवर घेत नाही."

"घ्या, ताई," वरून ज्योती म्हणाली. "त्याबिगर ते निघणार नाहीत."

"मग तुम्ही आधी खाली या. चालवणाऱ्याशिवाय आत कुणाला बसवून मी मोजत नाही."

वना म्हणाला, "तिले सवय झाली. आता हर खेपेले येते ती. तिले काळजी वाटते ना माही, मंग बसावं शेजारी." तो हे मोठ्याने किंवा चिडून म्हणाला नाही. मगनने चेलनाकडे पाहिलं आणि मान खाली घालून पट्टे आणायला गेला.

ज्योती उतरली. वाळली होती. गाडी वनाने स्वतः चालवायला घेतली. इंजिन चढू लागलं, तेव्हा चेलनाने ज्योतीला विचारलं, "घरी?"

"मयुरी सासूबाईयपाशी राह्यते. ते बोलत नाहीत माह्याशी. त्या दिवसापासून एक शब्द नाही. चल एवढंच म्हणतात, मी चालली जाते."

"तुम्ही नाही म्हणा."

"मी बाजूले बसली म्हणजे पाय जरा कमी दाबतात, ताई. एकटे असले म्हणजे..." पुढचं शिटीच्या आवाजात बुडालं.

शिटीच वेगळी होती. चेलनाने तिला ओळखलंही नसतं. पूर्वी ती भरीव होती, आता तिच्यात एक चिरका, ओरबाडणारा स्वर आला होता. रेघ चढत गेली, एकशे ऐंशीच्या वर, दोनशेच्या वर, आणि तिच्यासोबत तापमानाचा आकडा. सातशे अंश. साडेसातशे. तो थांबत नव्हता. धुराड्यातून काळा लोट निघून पत्र्याला भिडला. आठशे पार झाले तसे चेलनाने दोन्ही हात वर करून बंद करायची खूण केली. वनाने काचेतून ती पाहिली. तरी त्याचा पाय आणखी थोडा वेळ खालीच राहिला.

मग तो उतरून आला. "किती?"

"दोनशे चौदा."

त्याने मान हलवली. डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं.

चेलना म्हणाली, "आता बाकीचं ऐका. इतकी उष्णता हे इंजिन सहन करणार नाही. रोलरवर आपण काही सेकंद रेटलं. बिजासनचा घाट चढायला तुम्हाला किती वेळ लागतो? भरलेल्या गाडीने, या उन्हात? पिस्टन वितळेल. नाही तर टर्बो फुटेल. हे आज ना उद्या कधीतरी नाही, याच खेपेला होईल. मी माझ्या डोळ्यांनी आकडा पाहिलाय. वनाभाऊ, इथेच ठेवा गाडी. माल दुसऱ्या गाडीत घालून देते, मी फोन करते कुणाला तरी."

वनाने तिचं पूर्ण ऐकून घेतलं.

"तवाबी तुमी असंच शांतपणे सांगितलं होतं," तो म्हणाला. "वापरून पाहा म्हणाल्या होत्या. तुमच्या तोंडचं खरं कोणतं आन खोटं कोणतं, हे मी कसं वळखू, ताई?"

चेलनाने पडदा त्याच्याकडे वळवला. तो बघितलाही नाही त्याने.

मगनने पट्टे सोडले. ज्योती पायरीवर पाय ठेवून वर चढली. चेलना धावत खिडकीखाली गेली. "ज्योतीताई, उतरा. मी सोडते तुम्हाला फैजपूरला."

ज्योतीने नकारार्थी मान हलवली. घट्ट धरलेल्या दांड्यावर तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. गाडी निघाली. सोनगीरच्या किल्ल्याच्या टेकडीपर्यंत तिची ती चिरकी शिटी ऐकू येत राहिली, मग बाकीच्या गाड्यांत मिसळली.

त्या दिवशी चेलनाने दुसरी गाडी रोलरवर घेतली नाही. संध्याकाळपर्यंत ती फोन समोर ठेवून बसली. तरुण तिला घ्यायला आला, तिची अवस्था पाहून काही न विचारता बाजूच्या खुर्चीत बसून राहिला. ऊन कलत आलं तेव्हा फोन वाजला. ज्योतीचं नाव पाहून चेलनाचा हात लगेच पुढे होईना. तरुणनेच फोन उचलून तिच्या हातात दिला.

आधी नुसते भोंगे आणि वारा ऐकू आला. मग ज्योती.

"बंद पडली, ताई."

"कुठे? तुम्ही दोघं..."

"घाटात. वर चढू राह्यलो होतो. आतून मोठा आवाज झाला, बठ्ठा पांढरा धूर. काही दिसेना. मंग आपोआप थांबली. त्यायनं ब्रेक दाबून धरला, मी उतरून चाकाखाली दगडं लावले." ती धापा टाकत होती. "आमाले काही नाही झालं. मागच्या गाड्या थांबल्या सगळ्या."

चेलनाने डोळे मिटले. तरुणने तिच्या हातातला फोन सावरून धरला.

"खालून तेल वाहू राह्यलं आहे सगळं. एक मिस्तरी थांबला होता, तो म्हणे इंजिन संपलं, याच्यात काही ठेवायसारखं नाही." ज्योती थांबली. पलीकडे कुणीतरी हाकलल्यासारखा आवाज केला आणि ती थोडं हसली का काय, ते कळेना. "माकडं आली ताई, घाटातली. ताडपत्री फाडू राह्यलीत. केयी खाऊ राह्यलीत."

"आणि वनाभाऊ?"

"ते बाजूले दगडावर बसेल आहेत. माकडंबी हाकलत नाहीत." तिचा आवाज भरून आला. "आता मले विचारलं त्यायनं, पाणी पेशीन का म्हणून."

"मग?"

"मंग काय. पेली."

चेलना खुर्चीतून उठली. धुळ्याहून ओढून आणणारी गाडी पाठवायला हवी होती, अंधार पडायच्या आत कुणीतरी तिथे पोचायला हवं होतं. तिने तरुणकडे पाहिलं. तो आधीच किल्ली घेऊन दाराकडे निघाला होता.

"तिथेच बसा," ती ज्योतीला म्हणाली. "कडेला, आतल्या बाजूला. आम्ही निघालोय."